माय गाडीत, नोरा चर्चमध्ये: जालन्यातला आमचा नाताळ

डिसेंबरात आयर्लंडहून भारताचं तिकीट काढणारा माणूस एकतर पैसेवाला असतो, नाहीतर त्याला घरून फोन आलेला असतो. मला फोन आला होता. हसनाबादहून आनंददादा, माझा थोरला भाऊ, म्हणाला, "डॉक्टर मायला आठवड्यातून दोनदाच्या जागी तीनदा डायलिसिस करा म्हणून राह्यले. ती न्हाई म्हणती. तू येऊन जाय. तुह्याशी बोलंल का न्हाई ते मला सांगता येत न्हाई, पण ये."

बोलेल का, याचा खुलासा आधीच करून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. माय माझ्याशी सहा-सात वर्षं बोललेली नव्हती. कारण माझं लग्न. बायको परदेशी म्हणून नाही, परजातीची म्हणून तर मुळीच नाही. नोरा लिमरिकची, कॅथलिक, आणि आमचं लग्न तिच्या चर्चमध्ये झालं. वेदीपुढे गुडघे टेकून बसलेला माझा फोटो कुणीतरी हौसेनं नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. आमच्या घराण्यानं धम्म घेतला तेव्हा माय लहान पोर होती. घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडायला नेले, ती टोपली तिच्या डोक्यावर होती. फोटो पाहून ती दादाला एवढंच म्हणाली, "म्या डोक्यावरून उतरवलं ते यानं पुन्हा डोक्यावर घेतलं." त्यानंतर फोन तिच्या हातात दिला की ती तो वहिनीच्या हातात द्यायची. माझं काही चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. हट्टाच्या बाबतीत मी तिचाच मुलगा आहे, त्यामुळे इतकी वर्षं मीही गेलो नव्हतो.

मी एकटा जातो म्हणालो होतो. नोराची आई ऐंशीच्या पुढची आहे, आणि नोरानं जन्मात एकही नाताळ तिच्या टेबलाशिवाय काढलेला नाही. पण ती म्हणाली, "नाताळ दरवर्षी येतो. तुझ्या आईचं तसं नाही." मग स्वयंपाकघराचं दार लावून तिनं आईला फोन केला आणि लाल नाकानं बाहेर आली. आई जा म्हणाली होती. फक्त पुडिंगवरचा सॉस यंदा कोण करणार, हे तिनं दोनदा विचारलं म्हणे. नोराच्या बहिणीला मात्र आमचा हेवा वाटला. उष्ण प्रदेशातला नाताळ म्हणजे समुद्र, नारळ आणि दुपारी पोहणं, अशी तिची समजूत. जालन्यापासून समुद्र किती लांब आहे हे सांगायचा मला कंटाळा आला.

तर प्रवास. डब्लिन ते अबूधाबी, अबूधाबी ते मुंबई. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिकीट दुपटीनं पडतं, त्यामुळे जमलं तर ऑक्टोबरातच काढा. मुंबईहून जालन्याला यायला आता वंदे भारत आहे, ती दुपारी निघते आणि जेवायच्या वेळेला पोचवते. समृद्धी महामार्गानंही येता येतं, पण विमानातून उतरून पुन्हा टॅक्सीत दिवस घालवण्यापेक्षा रेल्वेची खुर्ची बरी. खिडकीत बसून नोरानं सूर्यास्त पाहिला, नंतर नुसता अंधार. संभाजीनगर गेलं, बदनापूर गेलं, आणि लोक सामान काढायला उठले. शेजारचे गृहस्थ उतरता उतरता नोराकडे बघून मला म्हणाले, "मॅडम अजिंठ्याला का?"

"न्हाई, सासरी," मी म्हणालो.

दादा स्टेशनवर गाडी घेऊन आला होता. राजूरमार्गे हसनाबादला तास-सव्वा तास लागतो. रस्ता आता बराच सुधारलाय, पण कापसानं लादलेले ट्रॅक्टर मागचा दिवा न लावता चालतात, तेव्हा अंधारात स्वतः गाडी चालवायची हौस करू नका. थंडी होती. "एवढीच का उष्णता?" नोरा शाल ओढून म्हणाली. डिसेंबरात इकडे येणाऱ्यांनी सकाळसाठी स्वेटर आणि दुपारसाठी सुती कपडे, दोन्ही आणावेत. सकाळी अकरालाच ऊन असं चढतं की आयरिश नाक दुसऱ्याच दिवशी सोलून निघतं. निघालंच.

माय जागी होती. दारातच खुर्ची टाकून बसलेली, पूर्वीच्या निम्मी झालेली. अंगणवाडीतली चाळीस पोरं एका हाकेत गप्प करणारी बाई ती, आता पायाला सूज आणि चेहरा मातकट. मी "जयभीम माय" म्हणालो. तिनं नोराला जवळ बोलावलं, तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि लतावहिनीला म्हणाली, "हिचे हात बरफ झालेत. पाणी ठिव तापाया." मग वहिनीलाच, "त्याला इचार जेवायचं का."

मी चार हात अंतरावर उभा होतो.

पुढचे दोन दिवस असंच. मायचा राग फक्त माझ्यावर होता, नोरावर मुळीच नव्हता. दादानं मला तिचं म्हणणं सांगितलं: "ती म्हणती, त्या पोरीनं तिच्या घरचा देव धरला, तिची काय चूक? ह्यानं सोडलेला धरला." तर्क बिनतोड होता, त्यामुळे जास्तच राग आला. माय नोराच्या डोक्याला तेल लावायची. जेवणात पथ्य असल्यामुळे स्वतः दोन घास खायची, पण नोराच्या ताटावर तिचं लक्ष. ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या येसराची आमटी, आणि शेतात नेऊन खाऊ घातलेला हुरडा. ज्वारीची कोवळी कणसं शेणीच्या निखाऱ्यावर भाजून, तळहातावर चोळून, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर. हुरड्यासाठी म्हणून लोक आता पैसे मोजून फार्मवर जातात. कुणाचं शेत ओळखीचं असेल तर तिथेच जा, चव वेगळी लागते. नोराचं नाक सोललेलं, बोटं काळी, आणि ती म्हणाली, "घरी आत्ता झाडाला दिवे लावत असतील." एवढं बोलून ती बांधावर जाऊन बसली. मी तिच्याजवळ गेलो नाही, कणसं चोळत राहिलो.

चोवीस तारखेला मायचं डायलिसिस जालन्यात. आणि त्याच संध्याकाळी नोराला चर्चला जायचं होतं. तिनं दुसरं काहीच मागितलं नव्हतं. हसनाबादहून पुन्हा यायचं म्हणजे दोन फेऱ्या, म्हणून ठरलं की मायचं आटपलं की तशीच गाडी चर्चकडे न्यायची. हे मायला कसं सांगायचं, यावर दादा आणि मी गोठ्यामागं उभं राहून अर्धा तास घालवला. शेवटी वहिनीनं सरळ सांगून टाकलं. माय म्हणाली, "जाऊ द्या की तिला. म्या गाडीत बसंल."

डायलिसिसला चार तास. दादा मायपाशी थांबला, आणि मी नोराला घेऊन जुन्या जालन्यात गेलो. धान्याची ठोक दुकानं, हमालांच्या हाका, तुरीच्या धुळीनं येणाऱ्या शिंका, आणि दोन माणसं जेमतेम जातील अशा गल्लीतून समोरासमोर येणाऱ्या रिक्षा. पायीच फिरा, वाहन लांब लावा. वहिनीनं सांगून ठेवलं होतं की उद्या विहारात सगळ्या बाया पांढऱ्या साड्या नेसतात, तर नोरासाठी एक आणा. दुकानदारानं पंधरा-वीस साड्या अंथरल्या.

"उद्या क्रिसमस है ना मॅडम का? लाल दिखाऊं?" त्यानं विचारलं.

"सफेद," नोरा म्हणाली. एवढं हिंदी तिला आलं. निळ्या काठाची निघाली एक.

दुकानदार मला हळूच म्हणाला, "बरात का मय्यत?"

"कार्यक्रम है," मी म्हणालो. पंचवीस डिसेंबरला आमच्याकडे काय असतं हे सांगत बसलो असतो तर चर्च चुकलं असतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: त्या दिवशी बाबासाहेबांनी महाडला मनुस्मृती जाळली, आणि आमच्या वस्त्यांमध्ये तो बायकांच्या मुक्तीचा दिवस म्हणून पाळतात. हसनाबादला हा कार्यक्रम मायनंच सुरू केला. लहानपणी मला नाताळ नावाचा सण असतो हे ठाऊक नव्हतं. पंचवीस डिसेंबर म्हणजे मायचा दिवस.

डायलिसिस झाल्यावर माय पिळून काढल्यासारखी दिसत होती. तिला मागच्या सीटवर उशी देऊन टेकवलं. चर्चपाशी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. जुनं दगडी चर्च, आवारात लिंबाची झाडं, फाटकावर कागदी तारा, आणि नव्या कपड्यांतली माणसं आत चाललेली. बायका रेशमी साड्यांत, डोक्यावर पदर. आतून पेटी-तबल्याचा आवाज येत होता. नोरा थबकली. तिच्याकडे नाताळच्या उपासनेत ऑर्गन असतो.

गाडी फाटकासमोरच लावली होती आणि मायची काच फाटकाच्या बाजूला होती. नोरानं एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "तू नको येऊस," ती म्हणाली. "मला चालेल. खरंच." आणि अनोळखी बायकांच्या घोळक्यात, अनोळखी भाषेत, आयुष्यात पहिल्यांदा आईविना नाताळच्या उपासनेला ती एकटी आत गेली. दादा चहाच्या निमित्तानं सटकला. असल्या वेळी सटकायची त्याला जुनी सवय आहे.

मी फाटकाला टेकून उभा राहिलो. आत गेलो असतो तर माय बघत होती. गाडीत जाऊन बसलो असतो तर नोरा एकटी होती. असा धोब्याचा कुत्रा होऊन मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. आत गाणं सुरू झालं. चाल भजनाची, शब्द येशूच्या जन्माचे. मला नोराची दया आली आणि मायचा संताप आला, दोन्ही एकदमच. ही बाई आजारी आहे, उद्या नसेल, आणि तरीही मुलगा कुठल्या दारात शिरतो यावर पहारा ठेवून बसली आहे, असं माझ्या मनात आलं. तेवढ्यात मागून काच खाली झाल्याचा आवाज आला.

"काहून उभा राह्यला तिथं?"

मी वळलो. इतक्या वर्षांनी तो आवाज माझ्यासाठी होता, हे कळायलाच वेळ लागला.

"माय..."

"बायको एकटी पाठवली व्हय आत? परक्या मुलखात? हे शिकवलं का म्या तुला? आत जाय. जल्दी जाय." आणि काच वर गेली.

मी आत गेलो. आणि तिथे कळलं की बायका एका बाजूला बसतात, पुरुष दुसऱ्या. नोराच्या शेजारी मला उभं राहताच येईना. मागच्या भिंतीशी, चपला सांभाळणाऱ्या काकांजवळ जागा मिळाली. तिथून तिच्या डोक्याचा मागचा भाग तेवढा दिसत होता. शेजारच्या बाईनं स्वतःची ओढणी तिच्या डोक्यावर टाकली होती. प्रार्थनेला सगळ्यांनी डोळे मिटले, मी उघडे ठेवले. एकदा ती वळली आणि मी दिसल्यावर तिचा चेहरा जो झाला, तो मी इथे लिहीत नाही. बाहेर आल्यावर सगळ्यांना करंज्या आणि केक मिळाला. माय गाडीत झोपली होती, किंवा झोपल्यासारखी होती.

रात्री मी दादाला सांगितलं, माय बोलली.

"बोलली? काय म्हणली?"

"आत जा म्हणाली. रागावून."

"रागावून का व्हईना," तो म्हणाला. "आमच्याशी तरी ती दुसरं कसं बोलती?"

मला वाटलं, आता बर्फ वितळला. सकाळी उठून मी मायच्या खाटेपाशी गेलो, बरं वाटतं का विचारलं. ती वहिनीला म्हणाली, "त्याला म्हणाव खुर्ची विहारात नेऊन ठिव." झालं. पुन्हा तेच.

पंचवीसला सकाळी विहारात बायकाच बायका. पंचरंगी ध्वज, त्रिशरण, पंचशील, मग भाषणं. निळ्या काठाच्या साडीत नोरा पुढे चटईवर, मायच्या खुर्चीला टेकून. पुठ्ठ्यावर ग्रंथाचं नाव लिहून तो अंगणात जाळला. दरवर्षी ते नाव माय लिहायची, यंदा पुतणी साक्षीनं लिहिलं. मग बायकांनी नोराला घेरलं, आणि मध्ये दुभाष्या म्हणून मला बसवलं.

"इचार तिला," माय वहिनीला म्हणाली, "तिच्या देवळात बायांना पुजारी होऊ देत्यात का?"

मी विचारलं. नोरा म्हणाली, "नाही. वाट बघतोय."

मी सांगितलं. माय हसली, त्या मुक्कामात पहिल्यांदाच. "म्हणाव, वाट पाहून न्हाई भेटत काही."

मी तेही सांगितलं. नोरानं मायच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. मायचं बोलणं माझ्या तोंडून जात होतं, आणि तरी ती माझ्याशी बोलत नव्हती. दुपारी वहिनीनं नाताळ म्हणून गावरान कोंबडीचा रस्सा केला. नोरानं पाण्याच्या टाकीजवळ, जिथे रेंज येते तिथे, उतरत्या उन्हात उभं राहून आईला फोन लावला. तिकडे पाऊस होता. आई म्हणाली, सॉसमध्ये गुठळ्या झाल्या. नोरा हसली आणि रेंज जाईपर्यंत तिनं फोन ठेवला नाही.

निघायच्या दिवशी माय उन्हाला खाटेवर बसली होती, शेजारी वाळवणातली तूर. तिसरं डायलिसिस ती करणार नव्हती, हे तोवर पक्कं झालं होतं. मी दोनदा वाद घातला, भिंतीशी घालावा तसा. तिनं नोराच्या गालावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली. मी वाकलो आणि म्हणालो, "येतो माय. जयभीम."

आमच्याकडे वैऱ्यानं जयभीम घातला तरी उलट जयभीम म्हणतात. ती तुरीकडे बघत राहिली. दादा म्हणाला, "तिला ऐकू कमी येतं आजकाल." तो खोटं बोलतो तेव्हा नेहमी गाडीची किल्ली फिरवतो.

लिमरिकला परतलो तर लोक नाताळची झाडं उतरवून रस्त्यावर टाकत होते. बॅगेतल्या सुती कपड्यांना भाजलेल्या हुरड्याचा वास होता, नोरानं ते बरेच दिवस धुतले नाहीत. जानेवारी संपता संपता दादाचा फोन आला. माय पहाटे गेली होती. त्याच दिवशी सगळं करावं लागतं, मी पोचणं शक्यच नव्हतं. साक्षीनं फोन धरून दाखवलं तेवढं पाहिलं. पांढऱ्या साड्या नेसून बायकांनीच खांदा दिला.

एवढा खर्च करून तिकडून काय आणलंस, असं माझ्या जागी दुसऱ्या कुणाला मीच विचारलं असतं. आईनं मला इतक्या वर्षांत एकदाच हाक मारली, तीही रागानं, तीही दुसऱ्या कुणासाठी. ती माफी होती असं दादा म्हणतो. मला नाही तसं वाटत. तिनं मला माफ केलेलं नाही, तसंच ती गेली, आणि याचं दुःख कमी होईल असंही दिसत नाही.

ओळखीतलं कुणी गेलं की नोरा चर्चमध्ये जाऊन नाव देते, आणि रविवारी फादर सगळ्यांसमोर ते नाव घेऊन प्रार्थना करतात. शेजारच्या म्हाताऱ्याचं दिलं, माझ्या बॉसच्या बहिणीचंही दिलं. त्या शनिवारी ती कोट घालून गेली आणि लवकरच परत आली. तिनं कोट काढला, खुंटीला लावला आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "दारापर्यंत गेले होते. नाव नाही दिलं. तिला आवडलं नसतं."